ब्रेत्झेल, चरबी आणि आईंची माळ

ताई,
आम्ही जर्मनीत श्टुटगार्टला असतो. सासूबाई पहिल्यांदाच आल्यात, तीन महिन्यांसाठी, त्यातला एक संपला. त्या माळकरी आहेत, तीस वर्षं गळ्यात तुळशीची माळ, अंडंसुद्धा चालत नाही. इथे आल्यावर त्यांना कोपऱ्यावरच्या बेकरीतला ब्रेत्झेल (गाठीसारखा वळलेला खारट पाव) इतका आवडला की रोज सकाळी चहाबरोबर तोच. मागच्या आठवड्यात मुलाच्या (वय ७) मित्राची आई सहज बोलून गेली की ते लोक पिठात डुकराची चरबी घालतात, जुनी पद्धत आहे इकडची. मी जाऊन विचारलं तर खरंच. नवरा म्हणतो, अजिबात सांगू नकोस, उगाच आकांत होईल. मी सध्या "बेकरी बंद आहे" असं सांगून वेळ मारून नेतेय. रात्री झोप नाही. सांगू का? आणि आणखी कशाकशात काय काय घालतात हे लोक? मला आता नळाच्या पाण्याचाही संशय यायला लागलाय.
– चुकलेली सून

अगं, आधी ती सही बदल. तू मुद्दाम काही केलेलं नाहीस, आणि ब्रेत्झेल बघून कोणाच्या स्वप्नात तरी येईल का की यात चरबी असेल, मैदा मीठ यीस्ट एवढंच दिसतं बिचाऱ्यात.

पण ते "बेकरी बंद आहे" प्रकरण आजच्या आज थांबव. किती दिवस बंद ठेवणार तू ती बेकरी? आई रोज नातवाला शाळेत सोडायला त्याच रस्त्याने जात असतील, पहाटेपासून वास सुटलेला असतो, बाहेर लोकांची रांग. आणि घरात सात वर्षांचं पोर आहे ज्याला हे सगळं माहितीये. सात वर्षांच्या मुलाच्या पोटात गोष्ट राहते का गं? एखाद्या दिवशी वरणभात कालवता कालवता बोलून जाईल, "आज्जी, त्यात ना पिग होता", आणि मग आईंना दोन धक्के एकदम बसतील, एक चरबीचा आणि दुसरा तुम्ही दोघांनी लपवल्याचा. पहिल्यातून त्या सावरतील, दुसऱ्यातून सावरायला फार वेळ लागतो.

तर सांगायचं. नवऱ्याला म्हणावं तू सांग, तुझी आई आहे, आणि तो नाहीच म्हणाला तर तू सांग पण तो शेजारी बसलेला पाहिजे. सकाळच्या घाईत नको आणि जेवायच्या ताटावर तर अजिबातच नको, संध्याकाळी त्यांचा हरिपाठ झाला की निवांत. फार पाल्हाळ लावू नकोस, रडू तर नकोसच, कारण तू रडलीस की त्यांना तुझी समजूत काढत बसावं लागेल आणि त्यांचं स्वतःचं दुःख राहील बाजूला. "आई, तो ब्रेत्झेल तुम्ही महिनाभर खाल्लात, त्यात डुकराची चरबी असते हे आम्हाला परवा कळलं, कळल्यापासून आणला नाही, आणि बेकरी बंद आहे असं मी खोटं सांगितलं होतं." एवढंच. मग गप्प बस. त्या उपास करतील, कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत, कदाचित गावाकडे ज्यांच्या हातून माळ घेतली त्या महाराजांना फोन लावतील आणि परत गेल्यावर माळ पुन्हा घालून घेतील. किंवा नुसतं "अजाणतेपणी झालं, पांडुरंगाला कळतं" म्हणून चहा मागतील. काय करायचं ते त्यांनी ठरवायचं, माळ त्यांच्या गळ्यात आहे. तुम्ही दोघं त्यांच्या वतीने "आकांत होईल" असं ठरवताय तेच मला पटलेलं नाही.

आता दुसरा प्रश्न, आणि यात खरंच बोलण्यासारखं बरंच आहे.

माझीच गोष्ट सांगते. पुण्यातलं एक बऱ्यापैकी महागडं थाई हॉटेल, मेन्यूत व्हेज करी, मी दोनदा विचारलं व्हेज आहे ना, वेटर दोनदा हो म्हणाला. पहिला घास घेतला आणि मला तो वास आला, मी कोकणातल्या माहेरची, सुकट म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको. बोलावलं त्याला. तर म्हणतो, "मॅडम झिंगे नाहीयेत त्यात, फक्त पेस्ट आहे." आणि तो खोटं बोलत नव्हता बरं का! त्याच्या हिशोबाने कोळंबीचा तुकडा ताटात दिसला तर नॉनव्हेज, नाहीतर व्हेज. थाई करीच्या तयार पेस्टमध्ये कोळंबीची पेस्ट सर्रास असते, वर फिश सॉस. त्या दिवसापासून मी "व्हेज आहे का" हा प्रश्नच विचारणं सोडलं. "यात काय काय घातलंय" असं विचारते, आणि ज्याची शंका असेल त्याचं नाव घेऊन विचारते.

तुझ्या बेकरीतही तेच झालं असणार. तिकडे सुट्ट्या मालावर घटकांची यादी छापलेली नसते, काउंटरवर मागितली तर अ‍ॅलर्जीची फाइल दाखवतात, त्यात गहू, दूध, अंडं, तीळ असं सगळं असतं. पण ती फाइल अ‍ॅलर्जीवाल्यांसाठी आहे, युरोपच्या नियमात १४ अ‍ॅलर्जन आहेत आणि डुकराची चरबी काही त्या चौदात येत नाही. म्हणजे फाइल अख्खी वाचून काढलीस तरी तुला चरबी सापडली नसती. तोंडाने विचारायचं, "इस्ट दा श्माल्त्स द्रिन?", म्हणजे यात श्माल्त्स आहे का. श्माल्त्स म्हणजे चरबी, बहुतेक वेळा डुकराचीच. "बुटर" म्हणाले तर लोणी, मग प्रश्न मिटला. बऱ्याच बेकऱ्या आता लोणी किंवा तेलच वापरतात, तेव्हा दोन चौक पलीकडे दुसरी बेकरी शोध, आईंना ब्रेत्झेल कायमचा सोडायला लागेल असं काही नाही.

आणि तू राहतेस तो श्वाबेन भाग म्हणजे या बाबतीत कहर आहे. तिथलं ते माउलताशेन बघितलंस ना, आपल्या चौकोनी करंजीसारखं, आत सारण? त्या सारणात खिमा असतो, पालक आणि पावात असा मिसळलेला की दिसत नाही, आणि तिथले लोकच त्याला जे टोपणनाव लावतात त्याचा अर्थ होतो "देवाला फसवणारे छोटेसे". दंतकथा अशी की माउलब्रोनच्या मठातल्या साधूंनी उपासाच्या दिवसांत मटण देवाला दिसू नये म्हणून पिठाच्या पाकिटात दडवलं. म्हणजे एकादशीला साबुदाणा वड्याच्या पोटात खिमा भरण्यातला प्रकार! आईंना ही गोष्ट सांग, कदाचित हसतील. (व्हेज माउलताशेनही मिळतात, पण अंडं असतंच बहुतेक.) तिकडची बटाट्याची कोशिंबीर, कार्टोफेलझालाट, साधी बटाट्याची दिसते पण श्वाबेनमध्ये ती मेयोनीजने नाही तर गरम सूपच्या पाण्याने कालवतात आणि ते पाणी पुष्कळदा मटणाचं, "फ्लाइशब्र्यूहे". तिकडची मसुराची उसळ बघून आई म्हणतील अरे वा आमटी, तर तिच्यात "श्पेक", म्हणजे खारवलेल्या डुकराच्या बारीक फोडी, आणि जोडीला श्पेत्सले, म्हणजे तिकडच्या जाड शेवया, ज्यांच्या पिठातच अंडी. श्पेकबद्दल तर एक गंमतच आहे, कितीतरी ठिकाणी वेटर त्याला मांसात धरतच नाही, चवीपुरतं घातलंय म्हणतो, आपण हिंग घालतो तसं. तेव्हा बाहेर जेवायला गेलात की ओने फ्लाइश, ओने फिश, ओने श्पेक, ओने आय (ओने म्हणजे शिवाय; मांस, मासे, श्पेक, अंडं) असं एकेक नाव घेऊन सांगायचं. लाजायचं नाही.

पाकिटबंद मालाला तू फोनचा कॅमेरा धरून भाषांतर करत असशील. करायला हरकत नाही पण एक शब्द नीट लक्षात ठेव, "लाब". चीजच्या पाकिटावर हा दिसला की फोन कदाचित प्रयोगशाळा असंही भाषांतर करेल, आणि तू म्हणशील वा, लॅबमध्ये टेस्ट केलेलं दिसतंय. लाब म्हणजे रेनेट, दूध विरजायला, म्हणजे फाडायला वापरतात ते, आणि जुन्या पद्धतीत ते दूधपित्या वासराच्या पोटातून काढतात, वासरू मारल्यावर. "मिक्रोबिएलेस लाब" लिहिलं असेल तर ते बुरशीपासूनचं, चालेल. नुसतं लाब असेल किंवा काहीच लिहिलं नसेल तर मी तरी सोडून देईन. पार्मेझान, म्हणजे खरा पार्मिजानो रेज्जानो, त्याच्या नियमातच वासराचं रेनेट आहे, तिथे शाकाहारी असा प्रकारच नाही. ग्राना पादानो या तसल्याच इटालियन चीजमध्येही तेच आणि वर अंड्यातून काढलेलं लायसोझाइम. आणि हे चीज लपतं कुठे, तर पेस्तोत! हिरवी चटणी म्हणून बाटली आणायची, पास्त्यावर घालायची आणि खुश व्हायचं. आपलं पनीर मात्र लिंबाने किंवा व्हिनेगरने फाटतं, घरी कर, तिकडे दूध छान मिळतं, तासाभरात होतं.

जिलेटिनचं तुला माहीत असेलच, डुकराच्या कातडीपासून किंवा गुरांच्या हाडाकातड्यापासून. मुलाच्या गमीज आणि मार्शमेलो यात असतं हे आता बहुतेकांना माहितीये, पण दह्यात? फळांच्या काही दह्यांत, मूसमध्ये, केकवरच्या त्या चमकदार क्रीममध्ये "गेलाटिने" असते. साधं दही घ्यायचं, घटकांत दूध आणि विरजण एवढंच, त्यात घरचा जाम घालून दे. आणखी एक जे वाचूनही कळत नाही ते म्हणजे सफरचंदाचा रस. काचेसारखा स्वच्छ रस काही कंपन्या जिलेटिनने गाळतात, ते जिलेटिन नंतर काढून टाकतात म्हणून बाटलीवर लिहावं लागत नाही. "नाटुअरट्रुएब" लिहिलेला गढूळ रस घे, तो असा गाळलेलाच नसतो. चवीलाही तोच बरा, खरं सांगू तर.

गुलाबी रंगाच्या गोळ्या, दही, कँडी यावर ई १२० किंवा कार्मीन दिसलं तर तो किड्यांपासून काढलेला रंग. ई ४७१ सारख्या नंबरांचे घटक वनस्पतीपासूनही असतात आणि प्राण्यापासूनही, आणि नंबर बघून कोणाच्या बापाला कळत नाही. म्हणून मी एक सोपी युक्ती सांगते, नंबर पाठ करत बसू नकोस. पिवळ्यावर हिरवा व्ही असं चिन्ह तिकडे असतं, पण त्याखाली काय लिहिलंय ते बघ. "वेगेटारिश" असेल तर त्यात अंडं असू शकतं, युरोपात अंडं शाकाहारातच धरतात, आईंना ते चालणार नाही. "वेगान" असेल तर अंडं गेलं, रेनेट गेलं, जिलेटिन गेलं, किडा गेला, सगळं एका झटक्यात गेलं. म्हणजे बिस्किट, ब्रेड, सूप, चॉकलेट असं पाकिटातलं काहीही घेताना वेगान बघून घ्यायचं, आणि दूध, लोणी, साधं दही हे वेगळं आणायचं. आई काही वीगन नाहीत, पण त्या लेबलचा आपण आपल्या कामापुरता उपयोग करून घ्यायचा.

आता तू म्हणशील इथलंच सगळं वाईट, आपल्याकडे बरं होतं, हिरवा ठिपका बघितला की झालं. तर आईंनी पुण्याहून आणलेला औषधांचा डबा उघड. अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल असेल, व्हिटॅमिन ई ची ती पिवळी मऊ गोळी असेल. त्याचं वरचं टरफल बहुतेक वेळा जिलेटिनचंच असतं, आपल्याकडेही. खाण्याच्या पाकिटावर ठिपका आला म्हणून औषधाच्या पट्टीवर येत नाही. हे ऐकून लगेच औषध बंद करू नका हं, आईंनाही करू देऊ नकोस, तीच गोष्ट साध्या गोळीच्या किंवा वनस्पतीच्या टरफलाच्या रूपात मिळते का ते डॉक्टरांना फोन करून विचारा, पुष्कळदा मिळते. आणि कॅप्सूल उघडून आतली पूड काढून घेऊ नका, काहींचं टरफल मुद्दाम घातलेलं असतं.

हिरव्या ठिपक्याच्या व्याख्येतही दूध, मध, मेण आणि शेलॅक चालतं असं आपल्या नियमात सरळ लिहिलंय. शेलॅक म्हणजे लाख, लाखेचा किडा झाडावर जे सोडतो ते, चकचकीत चॉकलेटच्या गोळ्यांना त्याचाच लेप असतो. मिठाईवरचा चांदीचा वर्ख जुन्या पद्धतीत जनावराच्या आतड्याच्या किंवा कातड्याच्या थरांमध्ये घालून कुटत, आता मशीनचाही मिळतो, हलवायाला विचारायचं. आणि ते इन्स्टंट नूडल्स-चिप्सच्या पाकिटावरचं ६३१, म्हणजे चव वाढवणारा घटक, तेही मांसामाशांपासून किंवा साखर-टॅपिओकापासून असं दोन्हीकडून बनतं. त्यावरून दिल्ली हायकोर्टात केस झाली आणि डिसेंबर २०२१ मध्ये कोर्टाने सांगितलं की नुसता नंबर लिहून भागणार नाही, तो घटक प्राण्यापासून आहे की झाडापासून ते स्पष्ट सांगा, आणि प्राणिज भाग कणभर असला तरी ते नॉनव्हेजच. मला तो निकाल फार आवडला होता, कणभर म्हणजे किती हा वाद आमच्या घरी कायम चालायचा.

आणि कंपन्यांनी नेहमी खोटंच बोललं पाहिजे असंही नाही. अमेरिकेतल्या मॅकडोनाल्ड्सचं आठवतंय का, तू लहान असशील तेव्हा. ते म्हणायचे फ्राइज वनस्पती तेलात तळतो, आणि तेल खरंच वनस्पतीचंच होतं, पण फ्राइजना बीफचा फ्लेवर लावलेला होता. २००१ मध्ये तिकडच्या हिंदू आणि शाकाहारी लोकांनी खटला भरला, पुढच्या वर्षी कंपनीने १ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. इकडे ठाण्यात लोकांनी एक आउटलेट फोडलं, खरंतर भारतातल्या फ्राइजमध्ये बीफ नव्हतंच. अमेरिकेतल्या लोकांनी विचारलं होतं तेल कशाचं, उत्तर मिळालं तेलापुरतंच, फ्लेवरचं कोणी बोललं नाही.

एवढं सगळं वाचून तू घाबरली असशील. पण तू पहिल्यांदा डबा-पाकिटं नको बघूस, आईंनाच विचार की तुमची मर्यादा नक्की कुठे आहे. आपण धरून चालतो ना, माळकरी म्हणजे अमुक. अगं माझ्या ओळखीतले काही माळकरी कांदा-लसूण खातात आणि कांदेनवमी दणक्यात करून चार महिने सोडतात, काही वर्षभर शिवत नाहीत. कोणाला बाहेरचं चीज चालतं, कोणाला बेकरीचं काहीच नको. व्हिटॅमिन डी मेंढीच्या लोकरीच्या तेलापासून काढतात, त्यात मेंढी मरत नाही, ते आईंना चालेल का? मला नाही सांगता येणार, तुलाही नाही. ज्या पखवाजावर त्या भजन म्हणतात त्याला कातडंच असतं आणि त्याबद्दल आजवर कोणी वारकरी अडून बसलेला मी पाहिला नाही. पाहुण्या म्हणून आलेल्या सासूला असं समोर बसवून विचारणं अवघड वाटेल, पण ब्रेत्झेलचं सांगून झालं की आपोआप तोच विषय निघेल. वही घेऊन बस. मुलालाही बसव, त्याला जर्मन तुझ्यापेक्षा चांगलं वाचता येत असेल, दुकानात आज्जीची पाकिटं वाचायचं काम त्याच्याकडे दे. असं काम पोरं फार इमानदारीत करतात, एक शब्द सोडत नाहीत.

नळाचं पाणी बिनधास्त प्या.

आणि हो, आईंचं परतीचं तिकीट आत्ताच उघडून बघ. नवऱ्याने बुक करताना जेवणात "हिंदू मील" निवडलं असेल, पुष्कळ जण भाबडेपणाने तेच निवडतात. त्याचा कोड एचएनएमएल आणि त्यात चिकन, मटण, मासे, अंडं काहीही येऊ शकतं, फक्त बीफ आणि पोर्क नसतं. आईंसाठी एव्हीएमएल पाहिजे, म्हणजे एशियन व्हेजिटेरियन, नाहीतर जैनांचं व्हीजेएमएल. एअरलाइनला फोन करून बदलून घे, विमान निघायच्या निदान दोन-तीन दिवस आधी, आणि तरीही पिशवीत दशम्या आणि लसणाशिवायची शेंगदाण्याची चटणी दे.